सोलापूरचं एमबीए आणि टॉवेलचा कारखाना

"सोलापूरला एमबीए करून काय मिळणार, त्यापेक्षा पुण्याला जा की" हे मला आमच्या सगळ्या नातेवाइकांनी सांगून झालंय, आणि आता तेच लोक आपापल्या पोरांसाठी फोन करून विचारतात, कसं आहे गं तिकडचं, घालावं का पोराला. दरवेळी फोनवर तेच दळण दळण्यापेक्षा म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढू. माझी बॅच २०२३ ते २५. मार्केटिंग घ्यायचं ठरवून गेले होते आणि फायनान्स घेऊन बाहेर पडले, ते का ते पुढे येईलच.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्या विद्यापीठाचं पूर्ण नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, कॅम्पस केगावला, पुणे हायवेवर. २००४ साली स्थापन झालं, त्याच्या आधी आमच्याकडची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ आहे हे, म्हणजे पंढरपूर, बार्शी, अकलूज, सांगोला, करमाळा, सगळी पोरं एकाच जिल्ह्यातली. मी कॅम्पसवर नव्हते, विद्यापीठाला जोडलेल्या एका खाजगी कॉलेजात होते, त्याचं नाव लिहीत नाही कारण काही गोष्टी कौतुकाच्या नाहीयेत आणि तिथल्या दोन-तीन सरांशी माझं अजूनही बोलणं आहे.

मी मंगळवेढ्याची. पप्पांचं किराणा दुकान, सीझनला थोडी ज्वारीची खरेदी-विक्री. बी.कॉम गावातच झालं. त्यानंतर एक वर्ष दुकानात बसले, आणि खरं सांगायचं तर गल्ल्यावर बसून जेवढं कळलं तेवढं बी.कॉमच्या तीन वर्षांत कळलं नव्हतं, पण घरी लग्नाचं बोलणं सुरू झालं म्हणून मी सीईटीचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरला. असं कारण लिहिलेलं बरं दिसत नाही पण आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींचं कारण हेच होतं.

सीईटीबद्दल फार लिहीत नाही. दोनशे प्रश्न, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत राहिलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी टिक करून टाकायचं हे सगळ्यांना माहीत असतं. लॉजिकलचे एकट्याचे ७५ प्रश्न असतात म्हणून तयारी त्याचीच जास्त करा, इंग्रजीला घाबरून त्यात महिना घालवू नका. परीक्षा मार्चमध्ये झाली आणि ऍडमिशन पक्कं होईपर्यंत पावसाळा संपत आला. मधला सगळा वेळ कागदपत्रांत गेला. डोमिसाइल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रिमिलेयर, आणि ह्यातलं काहीही एक नसलं किंवा नॉन क्रिमिलेयरची मुदत संपलेली असली की ई-स्क्रुटिनीला, म्हणजे ऑनलाइन कागद तपासणीत, अर्ज परत येतो. तहसीलला आणि सेतूत इतक्या वेळा गेले की तिथला चहावाला विचारायला लागला, ताई तुम्ही इथं लागलात का नोकरीला.

ऑप्शन फॉर्म भरताना पुण्याची कॉलेजं वर टाकावीत का सोलापूर, ह्यावर घरात दोन दिवस चर्चा. इथे एकच गोष्ट नीट सांगते, बाकी विसरलात तरी चालेल. ऍडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा 'आधी पैसे भरा मग बघू'वाल्याकडून घेतलं की महाडीबीटीची, म्हणजे सरकारी पोर्टलवरची, शिष्यवृत्ती गेलीच समजा. मी ओबीसी, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, त्यामुळे पहिल्या वर्षी निम्मी ट्यूशन फी माफ, आणि दुसऱ्या वर्षी तर लॉटरीच लागली, कारण जुलै २०२४ मध्ये सरकारने जीआर काढला की ८ लाखांच्या आतल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक कोर्सेसची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ, आणि तो आधीपासून शिकणाऱ्या मुलींनाही लागू होता. पप्पांनी जीआरची प्रिंट काढून दुकानात लावली होती, बाजूलाच उधारी बंदची पाटी. पुण्याला गेले असते तरी फी माफी मिळालीच असती म्हणा, पण तिथली कॉट बेसिसची रूम, मेस, जाणं-येणं कोण माफ करणार. सोलापुरात आत्या राहते अशोक चौकाच्या पुढे, आणि एसटीला बायकांना अर्धं तिकीट झालेलं होतं २०२३ च्या मार्चपासून, म्हणजे दर शनिवारी मंगळवेढ्याला. हिशोब सरळ होता.

वर्गात ६० सीट्स, भरले होते पन्नासच्या आसपास, रोज येणारे वीस-बावीस. कोण कोण होतं बघा: मेकॅनिकल करून नोकरी न मिळालेले चार-पाच, साखर कारखान्यात ऑफिसला असलेला एक माणूस ज्याला प्रमोशनसाठी डिग्री पाहिजे होती, दोन मुलींची लग्नं झालेली, एकीचं बाळ लहान, एक बी.फार्म, आणि बाकी आम्ही बी.कॉम, बीबीएवाले. शिकवणं मराठी-इंग्रजी मिक्स, पेपर इंग्रजीत. केस स्टडीज सगळ्या बाहेरच्या, कुठली अमेरिकेतली विमान कंपनी, कुठली कॉफीच्या दुकानांची साखळी. ज्या मुलांनी विमान आतून पाहिलेलं नाही त्यांना विमानाचं टर्नअराउंड टाइम, म्हणजे उतरल्यापासून परत उडेपर्यंतचा वेळ, शिकवायचं. शिकवा, माझी ना नाही, पण ह्याच शहरात हजारो यंत्रमाग आहेत, राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने असणाऱ्या जिल्ह्यांत आपला जिल्हा येतो, सांगोल्याचं डाळिंब एक्सपोर्ट होतं, आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापुरी चादरीला जीआय टॅग आहे, आणि दोन वर्षांच्या पुस्तकांत ह्यातलं एक अक्षर नाही. मला हे फार खटकायचं, अजून खटकतं.

एक सर मात्र वेगळे होते. कॉस्टिंग शिकवायचे. त्यांनी पहिल्या सेमिस्टरला फळ्यावर लिहिलं: ५१२ किलो कांदा, भाव १ रुपया किलो, शेतकऱ्याच्या हातात आले २ रुपये. ही खरी घटना आहे, फेब्रुवारी २०२३ मधली, बार्शी तालुक्यातला शेतकरी होता, सोलापूरच्या मार्केटला माल आणला होता, ५१२ रुपयांतून गाडीभाडं, हमाली, तोलाई वगैरे पाचशे नऊ रुपयांच्या वर वजा झाले आणि २ रुपयांचा चेक मिळाला, सगळ्या चॅनलवर आलं होतं. सर म्हणाले, सांगा, ह्याने माल मार्केटला आणायला पाहिजे होता का नाही.

तासभर भांडणं झाली. एक म्हणाला नको, उलट काढायचा खर्च पण गेला अंगावर. दुसरी म्हणाली पिकवायचा खर्च तर आधीच झालेला, तो धरायचाच नाही, फक्त काढणी आणि वाहतूक धरायची, म्हणजे पुस्तकातलं संक कॉस्ट तिने बरोबर लावलं. सर खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरचा माढ्याचा एक मुलगा, जो कधी बोलायचा नाही, तो म्हणाला, "सर, रान मोकळं करावं लागतंय की. कांदा रानात ठेवला तर पुढचं पीक कुठं घ्यायचं? आणि भाव काय मिळणार ते लिलाव झाल्याशिवाय कुणाला माहीत असतंय?" सर दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, हे पुस्तकात नाही, लिहून घ्या.

त्याच सरांनी जानेवारीत आम्हाला पहाटे मार्केट यार्डात नेलं. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा तोंडावर होती, शहरभर लायटिंग, आणि इकडे यार्डात कांद्याच्या गाड्यांची रांग. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केलेली केंद्राने, भाव पडलेले, आणि आवक मात्र जोरात कारण लाल कांदा टिकत नाही, काढला की आणावाच लागतो. आम्ही वही-पेन घेऊन उभे, अडत्या आणि खरेदीदार एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर, एका ढिगाचा लिलाव मिनिटभर पण चालत नाही. सप्लाय चेनच्या पेपरला मी जे दहा मार्कांचं लिहिलं ते सगळं त्या सकाळचं होतं. एका हमाल मामांनी विचारलं, तुम्ही कसला कोर्स करताय, मी म्हटलं बिझनेसचा, ते म्हणाले मग इथं कशाला आलाय, इथं फक्त लॉस हाय.

आता इंटर्नशिप. दुसरं सेमिस्टर झालं की आठ आठवड्यांची ट्रेनिंग करायची असते, आमच्यात त्याला एसआयपी म्हणतात, त्यावर रिपोर्ट लिहायचा आणि तिसऱ्या सेमिस्टरला व्हायवा. कॉलेजकडून मदत म्हणजे एक छापील पत्र, 'सदर विद्यार्थिनीस सहकार्य करावे'. बाकी ज्याचं त्याने बघायचं. सरळ सांगते, निम्मा वर्ग कुठेही गेला नाही. ओळखीच्या कुठल्यातरी ऑफिसातून शिक्क्याचं सर्टिफिकेट आणलं, झेरॉक्सच्या दुकानातून मागच्या बॅचचा रिपोर्ट पेन ड्राइव्हवर घेतला, नाव बदललं, काळं बाइंडिंग केलं, झालं. कोणी अडवत नाही. म्हणजे लहान ठिकाणी शिकायचा सगळ्यात मोठा तोटा विचाराल तर मी कंपन्या येत नाहीत हे नाही सांगणार, हे सांगेन, की न करता पण सुटता येतं आणि सुटलेलं कुणाला दिसत पण नाही.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत ते पत्र घेऊन फिरले. आत्याच्या शेजारची एक मैत्रीण सोबत, ती वर्गातलीच, पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकर समाजातली, तिची आई विड्या वळते, आणि तिला तेलुगू येत असल्यामुळे गेटवरच्या वॉचमनपासून मालकापर्यंत सगळीकडे आमचं काम तिनेच केलं. बऱ्याच ठिकाणी हाकलून दिलं नाही पण चहा पाजून परत पाठवलं. एका टॉवेलच्या कारखान्यात शेठनी पत्र उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "पगार पाहिजे का?" मी म्हटलं नाही. "मग ये उद्यापासून. दिवाणजीला विचारून बस, मशीनजवळ ओढणी सांभाळ."

पहिले काही दिवस कुणीच काही सांगेना. दिवाणजींना वाटत होतं मी इन्कम टॅक्सवाल्यांची कुणीतरी आहे. मग मी खाली शेडमध्ये जॉबरच्या, म्हणजे माग लावणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या, मागे फिरायला लागले. टेरी टॉवेलला दोन बीम लागतात हे तिथे कळलं, एक खालच्या पायाच्या धाग्याचा आणि एक वरच्या लूपचा, लूपचा बीम सैल सोडतात म्हणून ते वेटोळे उभे राहतात. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, हे वजनकाट्यावर कळलं: ३० बाय ६० इंचाचा टॉवेल ४०० जीएसएमचा असला की साधारण ४६५ ग्रॅम भरतो, आणि सौदा बहुतेक किलोवर होतो, त्यामुळे सुताचा भाव किलोमागे थोडा जरी हलला की शेठचा चेहरा आधी हलतो. आवाज इतका असतो शेडमध्ये की लोक ओठांवरून बोलणं ओळखतात. शनिवारी आठवड्याचा पगार वाटायचा आणि त्या दिवशी कितीही ओढाताण असली तरी पैसा तयार पाहिजे म्हणजे पाहिजे, नाहीतर सोमवारी माग बंद.

ह्याच शनिवारमुळे मला माझा विषय सापडला. कारण दर शुक्रवारी शेठ फोनवर असायचे, दिल्लीच्या पार्टीला, मुंबईच्या दलालाला, आणि सगळीकडे एकच वाक्य, "मागच्याचं तेवढं बघा की." माल गेलेला, बिल झालेलं, पैसे कुठे आहेत तर पार्टीकडे. मी दिवाणजींना म्हटलं, टॅलीतून मला सगळ्या येणी बाकीची यादी काढू द्या, तारखेप्रमाणे. ते म्हणाले यादी आहे ना, डोक्यात. तरी शेवटी दिली. मग मी एक्सेलमध्ये लावली, तीस दिवसांच्या आतली, साठच्या आतली, नव्वदच्या आतली आणि नव्वदच्या वरची. नव्वदच्या वरचा रकाना सगळ्यात लांब निघाला. शेठनी प्रिंट बघितली, चष्मा काढला, परत घातला, आणि एका नावावर बोट ठेवून म्हणाले, "हा अजून देणार आहे का?" म्हणजे डोक्यातल्या यादीतून ते नाव गळून गेलेलं होतं.

नंतर मी वर्किंग कॅपिटल सायकल मांडली, म्हणजे धंद्यात फिरणारा पैसा किती दिवस अडकतो ते. सूत १५ दिवसांच्या उधारीवर येतं. सूत, विणकाम, डाइंग, शिवण, पॅकिंग मिळून माल आपल्याकडे महिनाभर अडकतो. विकल्यावर पैसे यायला ९० दिवस. म्हणजे तीस अधिक नव्वद वजा पंधरा, साधारण साडेतीन महिने आपला पैसा फिरत असतो आणि तो येतो बँकेच्या सीसीमधून, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जातून, ११ टक्क्यांनी. पुस्तकात शिकवलेलंच की लवकर पैसे देणाऱ्याला कॅश डिस्काउंट द्यावा. मी गणित केलं: १०० रुपयांचं बिल पार्टीने ९० ऐवजी १० दिवसांत दिलं तर ८० दिवसांचं बँकेचं व्याज वाचतं, ते होतं २ रुपये ४१ पैसे. आपण पार्टीला २ टक्के सूट दिली तरी ४१ पैसे आपल्याला सुटतात, २ कोटींची विक्री धरली तर वर्षाला ८२ हजार. मला वाटलं शेठ खूश होणार. छान तक्ता करून घेऊन गेले.

शेठनी पूर्ण बघितलं. मग म्हणाले, "गणित बरोबर आहे पोरी. पण दोन गोष्टी ऐक. एक, मी आज दोन टक्के दिले की तो पुढच्या वर्षी म्हणणार, शेठ रेट तर दोन टक्क्यांनी कमीच आहे तुमचा, आणि पैसे परत नव्वद दिवसांनीच देणार. दुसरं, मी लवकर पैसे मागतोय म्हटल्यावर बाजारात बातमी जाते, ह्याला नड आहे. आठ दिवसांत सुताचा व्यापारी माझी उधारी बंद करतो. मग तुझे ते पंधरा दिवस कुठनं आणू?"

मी त्या दिवशी घरी जाताना रिक्षात हेच डोक्यात घोळवत होते. क्रेडिट पॉलिसीचं अख्खं चॅप्टर मी वाचलेलं, त्यात बाजारात काय बातमी जाईल ह्याचा रकानाच नाही. आणि तरी शेठचं सगळं बरोबर असंही नव्हतं हं, कारण सगळ्या पार्ट्यांना सूट द्यायची गरजच नव्हती, दोन-तीन जुन्या, स्वच्छ व्यवहाराच्या पार्ट्या होत्या ज्या तोंड बंद ठेवतील, त्यांच्याशी गुपचूप बोलता आलं असतं. मी तेही सांगितलं. ते "बघू" म्हणाले. धंद्यातल्या माणसाचं बघू म्हणजे काय ते पप्पांमुळे मला माहीत आहे.

त्याच काळात ४५ दिवसांच्या नियमाची गडबड चालू होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इन्कम टॅक्स कायद्यात ४३बी (एच) म्हणून कलम आलं, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू. मायक्रो किंवा स्मॉल उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने ४५ दिवसांत दिले नाहीत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच, तर त्याला तो खर्च त्या वर्षी टॅक्समध्ये वजा मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. कागदावर वाचलं तर वाटतं आमच्या शेठसारख्यांसाठी सोन्याहून पिवळं. प्रत्यक्षात काय झालं, तर एका पार्टीने मार्चमध्ये माल परत पाठवला, एकाने सांगितलं तुमचा उद्यमचा, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचा, नंबर बिलावर छापू नका, आणि एकाने सरळ म्हटलं, आम्ही मोठ्या मिलकडून घेतो, तिथे हा नियमच नाही. मी शेठना विचारलं मग फायदा झाला का नाही काहीच, तर म्हणाले, "झाला ना, दोघांनी वेळेत दिले. आणि तिघं गेले." माझ्या रिपोर्टचं सगळ्यात चांगलं प्रकरण हेच झालं. पुढे मार्केटिंग सोडून फायनान्स घेतलं ते ह्याच आठ आठवड्यांमुळे.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, शहराच्या पूर्व भागात त्या दिवशी माग बंद. शेठनी आम्हा दोघींना घरी जेवायला बोलावलं, आणि सर्टिफिकेटबरोबर दोन टॉवेल दिले, एक्सपोर्टचे, जाड. मैत्रिणीने त्यांच्याच ओळखीने दुसऱ्या कारखान्यात मार्केटिंगचं ट्रेनिंग केलं होतं, तिला चादर दिली. पुण्यातल्या मोठ्या कॉलेजच्या मुलांना स्टायपेंड मिळतो म्हणे. मिळू दे. पण कुठल्या मोठ्या कंपनीत ट्रेनिंगच्या पोरीला येणी बाकीची यादी हातात देतात आणि मालक समोर बसून त्यावर वाद घालतो? माझ्या चुलत भावाने पुण्यात एका नावाजलेल्या ठिकाणी इंटर्नशिप केली, दोन महिने मॉलमध्ये उभं राहून फॉर्म भरून घेतले त्याने.

व्हायवाला बाहेरचे एक्झामिनर आलेले. आधीच्या मुलांना दोन-दोन मिनिटांत सोडत होते. माझा रिपोर्ट उघडून त्या डिस्काउंटच्या पानावर थांबले आणि विचारलं, शिफारस काय तुमची, सूट द्यावी का नाही. मी दोन्ही बाजू सांगितल्या, शेठचं म्हणणं पण सांगितलं. ते म्हणाले रिपोर्टमध्ये असं दोन्हीकडे बोलून चालत नाही, एक ठरवा. मी म्हटलं सर, निवडक पार्ट्यांना द्यावी, लेखी कुठे न टाकता. ते हसले. मार्क चांगले दिले. लेखी न टाकता हे रिपोर्टमध्ये लेखी टाकलेलं होतं हे मला नंतर लक्षात आलं.

प्लेसमेंटचं थोडक्यात, कारण सांगण्यासारखं कमी आहे. कॉलेजात आल्या त्या दोन-तीन इन्शुरन्सवाल्या आणि एक मायक्रोफायनान्स, सगळं फील्ड सेल्स, पगाराच्या आकड्यात इन्सेन्टिव्ह आधीच मोजलेला. बाकी पूल कॅम्पस, म्हणजे बऱ्याच कॉलेजांच्या एकत्र मुलाखती, पुण्यात. पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, फॉर्मल कपडे पिशवीत, स्टेशनवर बदलायचे, दिवसभर ग्रुप डिस्कशन आणि ऍप्टिट्यूड, संध्याकाळी परत. एका ठिकाणी मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, सोलापूरहून का, मग घरचे पुण्यात राहू देतील का. शिक्षणाचा प्रश्न नंतर आलाच नाही. तिथे राग आला पण बोलले नाही. एका बँकेच्या सेल्समध्ये सिलेक्शन झालं, हातात अठरा हजार, पुण्यात. रूम आणि मेसचे पैसे काढून उरतं काय ते पप्पांनी दुकानाच्या पुठ्ठ्यावर लिहून दाखवलं. नाही गेले.

नोकरी लागली ती कॅम्पसमधून नाहीच. त्या कॉस्टिंगच्या सरांचा एक जुना विद्यार्थी एका एनबीएफसीत, म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपनीत, होता, त्यांना छोट्या कारखानदारांच्या कर्जाच्या फाइली तपासायला क्रेडिटमध्ये माणूस पाहिजे होता. मुलाखतीत त्यांनी एक बॅलन्स शीट पुढे टाकली आणि म्हणाले, ह्यात काय बघाल आधी. मी म्हटलं नफा नंतर, आधी येणी बाकीची यादी मागवा, तारखेप्रमाणे. त्यांनी विचारलं का, आणि मग मी अर्धा तास टॉवेलचंच सांगत बसले, परत गेलेल्या मालासकट. आता इचलकरंजी ब्रँचला आहे, आजूबाजूला सगळे मागच, सूत, सायझिंग, जॉबर हे शब्द नवीन नाहीत म्हणून लोक पण नीट बोलतात माझ्याशी. वर्गातल्या बाकीच्यांपैकी तो माढ्याचा मुलगा गावात शेतकरी कंपनीचं काम बघतो, साखर कारखान्यातल्या काकांना प्रमोशन मिळालं, मैत्रीण एका टॉवेल एक्सपोर्टरकडे डॉक्युमेंटेशनला आहे, आणि चार-पाच जण अजून स्पर्धा परीक्षा करतायत.

तर घालावं का पोराला, ह्याचं उत्तर मी फोनवर असं देते की पोरगा उन्हात एमआयडीसी फिरणारा असेल तर घाला. घरी बसून सर्टिफिकेट आणणारा असेल तर पुण्याला पाठवा, तिथे निदान कॉलेजचं नाव तरी लागेल.

नोकरी लागल्यावर शेठना पेढे द्यायला फोन केला होता. म्हणाले, पेढे राहू दे, तुमच्याकडे सीसीपेक्षा स्वस्त काही मिळतंय का ते सांग. म्हटलं शेठ, फाइल पाठवा, पण येणी बाकीची यादी तारखेप्रमाणे लागेल. "ती तर तूच केली होतीस की, दिवाणजीला विचारतो कुठं ठेवलीय." अजून आलेली नाही.